सध्या काय वाचायलाव?

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्याची हळद घेऊन हिंगोलीच्या मार्केट यार्डात गेलो होतो. गाड्यांची रांग लांबलचक होती. आपल्या मालाचे बीट उद्यावर जाणार, हे दिसतच होते. पुढच्या ट्रॅक्टरच्या सावलीत पोत्याला टेकून एक पन्नाशीचा शेतकरी जाडसर पुस्तक वाचत बसला होता. मला वाटले, पोथी असेल. पण माझ्यातल्या निवृत्त मास्तराला राहवेना. जवळ जाऊन आमच्याकडच्या बोलीत विचारले, "काय वाचायलाव?"

त्याने पुस्तक उलटे करून मुखपृष्ठ दाखवले. सदानंद देशमुखांची 'बारोमास'. २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारी, शेतकरी कुटुंबाची परवड सांगणारी कादंबरी. "कशी वाटली?" या माझ्या ठरीव प्रश्नाला तो म्हणाला, "चांगली हाय सर. पर निम्म्यात अडकलोय. हा माणूस आपल्याच घरात डोकावून लिहायलाय, असं वाटतं. मग दोन दिवस मिटून ठेवतो. पुन्हा उघडतो."

मी तीस वर्षे मराठी शिकवले. 'बारोमास' चार दिवसांत वाचून, पाठ थोपटून घेऊन कपाटात ठेवली होती. कुठे अडकावे, असे मला एकाही पानावर वाटले नव्हते. त्या रात्री घरी आल्यावर ती पुन्हा काढली.

तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. "तुम्ही अमुक वाचले आहे का?" आणि "तुम्ही सध्या काय वाचता?" हे दोन प्रश्न दिसायला सारखे, पण त्यांच्यात फार अंतर आहे. पहिला प्रश्न परीक्षेचा. त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर, आणि 'नाही' म्हणणारा ओशाळतो. दुसरा प्रश्न सोबतीचा. पुस्तक वाचून संपले की आपण त्याचा निकाल लावून मोकळे होतो. अर्धे वाचलेले असते तेव्हा मनात शंका असतात, राग असतो, हुरहुर असते. आणि वाटून घेण्यासारखे खरे तेवढेच असते.

आमच्या भागाला हे नवे नाही. येथून जवळच नर्सी, संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे. कीर्तनाच्या वाटेने त्यांचा शब्द पंजाबपर्यंत गेला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. श्रावणात गावोगावी पोथी लागते, ती एकट्याने वाचायची नसतेच. एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात आणि मध्येच कोणीतरी "पण असं कसं?" म्हणून विचारतो. कादंबरी आली आणि माणूस कोपरा धरून एकटा वाचू लागला. त्यात वाईट काही नाही. पण मिटलेल्या पुस्तकावर बोलायला कोणी नसेल, तर वाचन हळूहळू आटते, हे मी पाहिले आहे.

माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमात शिकले. साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागणारा तो काळ. मराठी पुस्तके एकमेकांच्या हातून, घराघरांतून फिरत. त्याच काळात आणि त्यानंतरही बी. रघुनाथ परभणीत सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत कथा-कादंबऱ्या लिहीत होते. १९५३ साली ते गेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आपल्या मातीतली माणसे कादंबरीत येऊ शकतात, हे वडिलांना बी. रघुनाथांनी पटवले, असे ते सांगत.

आई मात्र शाळेची पायरी चढली नव्हती. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' मी तिला रोज रात्री थोडी थोडी वाचून दाखवली. हट्टी, स्वाभिमानी शिंपी आणि त्याच्या पायी होरपळणारी बायको. गोष्ट सांगते ती बायकोच. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आई विचारायची, "त्या पार्वतीनं गप का बसावं रे?" मी तेव्हा बी.ए.ला होतो. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कोणत्याच नोट्समध्ये नव्हते. अक्षर न ओळखणारी ती बाई माझी पहिली वाचनसोबती होती.

आणि तरीही मास्तर झाल्यावर मी मुलांना काय विचारले? लेखकाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष, पात्रांचे स्वभावविशेष. "तू कुठे अडकलास?" असे एकाही मुलाला विचारले नाही. ही चूक माझी, तिचे खापर अभ्यासक्रमावर फोडणार नाही.

आज चित्र कसे आहे? १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्यांत, खेड्यांत वाचनालये झाली. तिथे आता गर्दी दिसते ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांची. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; नोकरीची चिंता मोठी आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणून कोणी कादंबरी उघडत नाही. शेजारच्याने "अरे, हे वाचून बघ, मला झोप लागली नाही" म्हटले की उघडतो. फोनवर पुस्तकांची मुखपृष्ठे मात्र भरपूर फिरतात. वाढलेल्या ताटाचे फोटो पाहून पोट भरत नाही, तसेच ते.

काही जणांना वाचनाबद्दल बोलणे आवडत नाही, तेही मी समजू शकतो. पुस्तकाशी असलेले नाते खाजगी असते. पण मी कोणाला भाषण करायला सांगत नाही. आम्ही पाच-सहा जणांनी एवढेच केले आहे: वाचनालयाच्या टेबलावर शंभर पानी वही ठेवली. पुस्तक बदलायला येणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. सध्या काय वाचतो आणि कुठवर आलो, बस. शेवट सांगायचा नाही. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर तसेही लिहायचे, लाज बाळगायची नाही. पहिल्या महिन्यात जेमतेम चार पाने भरली. एका पानावर हळदीच्या बोटांचा ठसा आहे. एका मुलीने लिहिले आहे: "स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रात्री झोपताना 'बनगरवाडी'ची पाच पानं. घरी सांगू नका." तिच्याखाली तिघांनी आपापल्या पुस्तकांची नावे लिहिली आहेत. तिला ती तिघे कोण, हे ठाऊक नाही. पण आपण एकटी नाही, एवढे तिला नक्की कळले असेल.

वहीला खर्च फारसा येत नाही. घरातही हे करता येईल. आज रविवार आहे. जेवताना मुलांना मार्क विचारण्याऐवजी हा एक प्रश्न विचारून पाहा. आणि मुलांनी तो उलट तुम्हालाच विचारला, तर उत्तर तयार ठेवा.

माझे विचाराल, तर मी सध्या 'पाचोळा' पुन्हा वाचतो आहे. आई जाऊन बरीच वर्षे झाली. निम्म्यावर येऊन अडकलो आहे. तुम्ही काय वाचायलाव?