बाब्या आणि कार्टे

परराष्ट्रनीतीत सुसंगती शोधणे हे भाबडेपणाचे लक्षण होय, असे मत हल्ली मोठ्या शहाणपणाच्या आविर्भावात मांडले जाते. २०११ साली अरब देशांत जे उठाव झाले, त्यांच्या बाबतीत अमेरिकेने ठिकठिकाणी निरनिराळी भूमिका घेतली खरी. पण देश निराळे, परिस्थिती निराळी, मग धोरण निराळे असले तर बिघडले कोठे, असा या पक्षाचा सवाल आहे. सवाल बिनतोड वाटतो. म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम घडले काय ते पाहू. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्यूनिशियातील सिदी बूझिद येथे महंमद बूअझीझी या फेरीवाल्याने सरकारी जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतले, आणि महिन्याच्या आत अध्यक्ष बेन अली यांना देश सोडून पळावे लागले. २५ जानेवारीस कैरोत लोक रस्त्यावर आले. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी मुबारक यांचे सरकार स्थिर असल्याचा निर्वाळा दिला. अठराव्या दिवशी मुबारक गेले, तेव्हा अध्यक्ष ओबामांनी त्याच लोकांचे तोंड भरून कौतुक केले. १९ मार्चला लिबियावर बाँबवर्षाव सुरू झाला, कारण गद्दाफी स्वतःच्या प्रजेचे शिरकाण करील अशी भीती होती. त्याच आठवड्यात बहारीनमध्ये सौदी फौजा शिरल्या, मोत्याच्या चौकातून निदर्शकांना पिटाळण्यात आले आणि चौकातील स्मारकही जमीनदोस्त झाले. तेथे मात्र वॉशिंग्टनहून आला तो संयमाचा उपदेश! अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ बहारीनमध्ये आहे, एवढे सांगितले म्हणजे हे कोडे उलगडते.

आता ‘निराळ्या परिस्थिती’विषयी. आमचे बहुतेक वाचक परप्रांतात राहून सरकारी कारभार पाहणारे आहेत. त्यांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. एकाच नियमाखाली दोन अर्जांवर दोन निकाल देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. पण दोन्ही ठिकाणी कारणे नमूद करावी लागतात, आणि ती त्याच नियमातून निघावी लागतात. अर्जदार आपला सोयरा आहे, हे कारण टिपणीत लिहिता येत नाही. म्हणून ते मनात ठेवून टिपणीत दुसरेच लिहिले जाते, तेव्हा त्याला विवेक म्हणत नाहीत, पक्षपात म्हणतात.

याचा मासला पाहावा. ३ जुलै २०१३ रोजी ईजिप्तच्या लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना पदच्युत केले. अशा वेळी मदत थांबवावी, असा अमेरिकेचाच कायदा आहे. आणि ईजिप्तला मिळणारी लष्करी मदत वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर्स होती. वॉशिंग्टनने काय करावे? झाले ते लष्करी बंड होते की नव्हते, हे ठरवणे आपणांवर बंधनकारकच नाही, असा पवित्रा घेतला! पुढे १४ ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात शेकडो माणसे मारली गेली. मग मदतीचा काही भाग रोखण्यात आला, आणि २०१५ साली तोही मोकळा झाला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आमच्या आजीबाईंनी कोणत्याही दूतावासात न जाता शोधून काढली होती.

अमेरिकेने सगळीकडेच बाँब टाकावयास हवे होते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. लिबियाची पुढे झालेली दुर्दशा पाहता तसे कोण म्हणेल? आमची मागणी फार लहान आहे. निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीला शस्त्रे देऊ नयेत, मग ती मित्राची असो वा शत्रूची. हा नियम सर्वत्र सारखा पाळता येतो. त्यासाठी एकही विमान उडवावे लागत नाही.

तो न पाळल्याची किंमत वॉशिंग्टन देत नाही, चौकातला माणूस देतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये थोरल्या बुशसाहेबांनी इराकी जनतेला सद्दामविरुद्ध उठण्यास सांगितले. जनता उठली, सद्दामची हेलिकॉप्टरे तिच्यावर तुटून पडली, आणि शेजारी उभी असलेली अमेरिकन सेना पाहत राहिली. शब्दावर विश्वासून घराबाहेर पडलेल्यांचे ते रक्त होते.

आणि आपण? १९५६ साली सुएझच्या आक्रमणाचा आपण खणखणीत निषेध केला, पण त्याच नोव्हेंबरात हंगेरीवरील ठरावाच्या वेळी तटस्थ राहिलो. ती नोंद पुसता येत नाही, पुसूही नये. आपली चूक कबूल केल्याने दुसऱ्याला जाब विचारण्याचा हक्क बुडत नाही. उलट तो अधिक स्वच्छ होतो. हितासाठी वागणाऱ्या राष्ट्राशी व्यवहार करता येतो, कारण त्याचे हित कोठे आहे हे ठाऊक असते. पण हिताच्या अंगावर तत्त्वाचा झगा चढवून फिरणारे राष्ट्र शेवटी तत्त्वालाच बदनाम करते. मग उद्या कोणी खऱ्या कळवळ्याने लोकशाहीचे नाव घेतले, तरी चौकातला माणूस त्याच्याकडे संशयानेच पाहील. आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यास आपणांपैकी कोणाचे तोंड आहे?