परत गळाला लागला, म्हणजे त्याला काहीच झालं नाही?

धरणावर गळ टाकणारी मंडळी फोटो काढून मासा परत सोडतात आणि वर आपल्यालाच सुनावतात, "भाऊ, उद्या तोच मासा परत लागतो. त्याला काय झालंय?"

लागतो, खरंय. अमेरिकेत इलिनॉयच्या रिज लेकमध्ये बास माशांना खुणा करून वर्षानुवर्षं नोंद ठेवली. काही मासे पुन्हा पुन्हा गळाला लागले, काही कधीच लागले नाहीत. पुढच्या पिढ्यांतही हा फरक उतरला. म्हणजे परत लागणं हा स्वभाव झाला, सुखरूप असल्याचा दाखला नव्हे.

आणि सहज लागतो कोण? विणीच्या दिवसांत घरटं राखणारा नर बास. जवळ येईल त्यावर तो तुटून पडतो. तो तुमच्या हातात फोटोला असतो, तेवढ्यात दुसरे मासे त्याची अंडी फस्त करतात.

आपला महसीर घरटं राखत नाही, पण पावसाळ्यात विणीला प्रवाहावर चढतो. तेव्हा गळ नकोच. एरवी उलट्या काट्याशिवायचा गळ, ओले हात आणि फोटो पाण्यातच. एवढंही जमत नसेल, तर "आम्ही मासे जगवतो" म्हणणं बंद करा.

पटलं तर धरणावर जाणाऱ्या मित्राला पाठवा.