पायावरचं पुरळ आणि दुकानातली ट्यूब

खुरपणीचे दिवस आले की गावोगाव एक तक्रार हमखास ऐकू येते. पायाला खाज सुटते, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुरळ उठतं, खाजवून खाजवून पाणी येतं. कारण विचारलं तर कुणी म्हणतो उष्णता बाहेर पडली, कुणी म्हणतो पाणी बाधलं. इलाज मात्र सगळ्यांचा एकच. बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात पाय दाखवायचा आणि दुकानदार देईल ती ट्यूब घेऊन यायची.

आधी या ट्यूबबद्दल बोललं पाहिजे. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूष होतो. पण मूळ दुखणं गजकर्णाचं असेल तर स्टेरॉइडने नुसती लाली दबते, बुरशी पसरतच राहते. ट्यूब संपली की दुप्पट जोराने उठतं. मग पुन्हा ट्यूब. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, मांड्यांवर चरे पडतात आणि ते कायमचे राहतात. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. दुकानात काय चालतं ते वाचकांना वेगळं सांगायला नको.

खरं तर पुरळ कशाचं, याचा निम्मा उलगडा घरीच होऊ शकतो. ते कुठे आहे आणि कुठे संपतं ते नीट बघा. पावलावर चपलेच्या पट्ट्याच्याच आकाराचं असेल तर रबर सोसत नाही असं समजा. बोटांच्या बेचक्यात असेल तर त्या चिखल्या. कडेला उठावदार, मध्ये निवळलेलं गोल चकंदळ असेल तर गजकर्ण. तेव्हा घरात आणखी कुणाला आहे का हेही विचारा, कारण एकाच टॉवेलने घरभर पसरतं. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी उठलं असेल तर पंप गळतो का ते पाहा. भिजलेल्या कपड्यांतून औषध अंगात मुरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे विसरून चालणार नाही.

आणि जिथवर धोतर खोचलं, लुगडं वर घेतलं, तिथवरच उघड्या पायावर पुरळ असेल, शिवाय मानेवर, कोपराच्या खोबणीतही खाज असेल, तर आधी बांधाकडे बघा. तिथे गाजर गवत उभं असणार.

हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलं. परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत नाव ठेवलं. त्याच्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य कातडीला बाधतं. सगळ्यांनाच बाधतं असं नाही. वर्षानुवर्षं उपटणाऱ्यालाही एखाद्या वर्षी अचानक सुरू होतं. एकदा का अंगाने ते धरलं की सहसा सोडत नाही, मग दर पावसाळ्याला तोच त्रास. रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईचा हंगाम बुडतो. तिला डॉक्टर ‘गवतात जाऊ नका’ सांगतात. जाऊ नको तर खाऊ काय, हा तिचा सवाल आहे, आणि त्याला ट्यूबमध्ये उत्तर नाही.

उत्तर गावाकडे आहे. शेतातलं गवत शेतकरी काढतो. पण रस्त्याच्या कडेचं, गावठाणातलं, शाळेमागचं कुणी काढायचं? एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, म्हणून फुलावर यायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटलं पाहिजे. हातमोजे आणि पूर्ण कपडे घालूनच. ज्यांना आधीच बाधलंय त्यांना या कामाला लावू नये. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचं बी फेकलं तर तो गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. मेक्सिकोहून आणलेले भुंगेरेही हे गवत खातात. ते दिसले तर मारू नका.

दोन गोष्टींत मात्र एक दिवसही घालवू नये. चट्टा फिकट किंवा लालसर असून तिथे टोचलेलं कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. तसंच ताप आणि अंगावर भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस असू शकतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याने बळी घेतले. लवकर गेलं तर साध्या गोळ्यांनी भागतं.

१६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत निर्मूलनाचा आठवडा. त्याच्या आदल्याच दिवशी, १५ ऑगस्टला, ग्रामसभा असते. पण तोवर पुष्कळ ठिकाणी गवत फुलावर आलेलं असतं. सरपंच-ग्रामसेवकांनी उपटणीचा ठराव १ मेच्या ग्रामसभेतच घ्यावा आणि पहिली उपटणी जुलैत उरकावी.