‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक आजी दोन वर्षांच्या नातवाला खोकल्यासाठी घेऊन आल्या होत्या. निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, “डॉक्टर, हा अजून ‘आई’सुद्धा म्हणत नाही हो.” मी हसून उत्तरलो, “मुलगे जरा उशिराच बोलतात, आजी. काळजी करू नका.” दीड वर्षाने तपासणी झाली, तेव्हा त्याला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचे निष्पन्न झाले. माझ्या त्या एका वाक्याने त्याचे दीड वर्ष वाया गेले.

मूल भाषा ऐकून शिकते. म्हणून बोलण्यास विलंब होत असेल, तर पहिली तपासणी कानांची. थाळी वाजवली की मूल वळून पाहते, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. कंप जाणवल्याने किंवा हालचाल दिसल्यानेही ते वळते. शिवाय काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, पण ‘स’, ‘फ’ यांसारखे सूक्ष्म ध्वनी निसटतात. ओएई आणि बेरा या चाचण्यांत मुलाला उत्तर द्यावे लागत नाही. त्यामुळे त्या तान्ह्या बाळाचीही करता येतात. जन्मतः चाचणी ठीक आली असली, तरी श्रवणदोष पुढे उद्भवू शकतो, हेही ध्यानात असावे.

पुढील खुणा दिसल्यास थांबू नये : वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नाही, ‘टाटा’ करीत नाही, दीड वर्षाचे झाले तरी एकही अर्थपूर्ण शब्द नाही, बोटाने काही दाखवत नाही, दोन वर्षांचे मूल ‘दूध दे’ यासारखे दोन शब्द आपणहून जोडत नाही. येत असलेले शब्द हरवले, तर वय कोणतेही असो, तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

ऐकू नीट येत असूनही मूल नजर देत नसेल, आपल्यातच रमत असेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी हवी. सांगितलेले सर्व समजते, फक्त बोलत नाही, अशी अनेक मुले पुढे बरोबरी गाठतात. पण ती कोणती, हे तपासल्याविना कसे ठरवणार?

जीभ चिकटलेली असल्याने उच्चारात अडचण येऊ शकते, पण मूल मुके राहत नाही. घरात दोन भाषा असल्यानेही बोलणे खुंटत नाही. जिभेवर वेखंड उगाळून लावण्यात मात्र मोलाचे महिने निघून जातात.

जिल्हा रुग्णालयांशी संलग्न शीघ्र निदान केंद्रांत, तसेच मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत अशा तपासण्या होतात. गावात असाल, तर अंगणवाडीत येणाऱ्या बालआरोग्य पथकाला मूल अवश्य दाखवा. घरी मोबाइल बाजूला ठेवा. भाजी निवडताना, आंघोळ घालताना मुलाच्या डोळ्यांत पाहून बोला, आणि त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबा.

आता कुणी आजी दाराशी थांबून तसे काही म्हणाल्या, की मी त्यांना परत आत बोलावतो आणि खुर्ची पुढे करतो.