कुमारजींच्या शेजारी एक कॅसेट

देवासच्या मराठी घरात गाण्याचा विषय निघाला की दोन मिनिटांत कुमारजी येतात. यायलाच हवेत. १९४८ साली क्षयाने खंगलेला तेविशीतला गवई माळव्याच्या कोरड्या हवेसाठी इथे आला आणि १९९२ साली जाईपर्यंत इथलाच राहिला. पण ज्यांच्या तोंडून निर्गुणी भजनं त्यांच्या कानावर पडली ते जोगी, शीलनाथ महाराजांच्या धुनीवरचे भजनी, खेड्यापाड्यातल्या तंबूरा मंडळ्या, यांना आपल्या घरात जागा नाही. कुमारजींची एल.पी. मऊ फडक्याने पुसायची, आणि मंडळीची कॅसेट म्हणजे "ट्रॅक्टरवाल्यांची". मला हे कधीच पटलं नाही.

१९७०च्या आसपास मी इंदूरला बी.कॉम. करत होतो. खोलीत एक ट्रान्झिस्टर, ऐकणारे पाच. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला, तेव्हा कोणी खोकलं तरी शिव्या पडायच्या. एरवी आकाशवाणी इंदूर. १९५५ साली सुरू झालेलं हे मालवा हाउसमधलं केंद्र. नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा आम्ही मराठी पोरंही आवडीने ऐकायचो. त्यात मधूनच एखादी भजनी मंडळी लागायची. ऑडिशन पास होऊन आलेले शेतकरी, मजूर. सुरुवातीला साखी, मग एकतारीसारखा धरलेला पाच तारांचा तंबूरा, ढोलक, मंजिरे. रेडिओची वेळ संपली की गाणं मध्येच मंद करून टाकायचे, त्याचा फार राग यायचा.

नंतर कॅसेट आली आणि तो राग गेला. नव्वदच्या दशकात टोंकखुर्दला बदली झाली तेव्हा चहाच्या टपरीवर, सोयाबीनच्या ट्रॉलीवर, मक्सीच्या जीपमध्ये प्रह्लादसिंह टिपानिया वाजत होते. मक्सीजवळच्या लुनियाखेडीचे, सरकारी शाळेतले मास्तर. पुढे २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी विचारलं, "हे कोण हो?" अरे, घरापासून तासाभरावरचा माणूस!

त्या सुरुवातीच्या काळातली एक कॅसेट गेल्या महिन्यात पुन्हा ऐकली. नातवाच्या भाषेत सांगायचं तर हा पक्का बँड आहे. व्हायोलिन आधी चाल सांगून टाकतं, ढोलक उडी मारून आत येतं, टेक आली की सगळे एकदम उचलतात. रात्रभर चालणारं भजन सहा-सात मिनिटांत बसवायचं, म्हणजे काहीतरी जाणारच. गावात गायक मध्ये थांबून अर्थ उलगडतो, कोणी शंका विचारतं, चिलीम फिरते. स्टुडिओत ते नाही. आमच्या एका जाणकार स्नेह्यांचं म्हणणं, "हे भजनाचं फिल्मी गाणं झालं." असेल. पण या आखडलेल्या गाण्यामुळेच कबीर टपरीपर्यंत पोचला, आणि टपरीवरच्या पोराला तो पाठ झाला. कुमारजींचा कबीर एकटा आहे, रात्री दिवा मालवून ऐकायचा. हा चारचौघांतला. दोघांत वरचा कुठला हे ठरवायची गरज मला वाटत नाही, पण एकच कपाटात ठेवायचा आणि दुसरा गोठ्यात, हा हिशेब कुठल्या खात्यात बसतो?

आता खरं बोलतो, कोणाला लागलं तर लागो. या मंडळ्यांतले बरेच गायक दलित वस्त्यांतले. आमच्या काउंटरवर ते म्हशीच्या नाहीतर पंपाच्या कर्जासाठी यायचे, अंगठा लावून जायचे. त्यातल्या एकाला रात्री गाताना ऐकलं. दोनशे पदं तोंडपाठ, कागद नाही. त्याच सुमारास देवासला एकलव्य संस्थेने कबीर भजन एवं विचार मंच चालवला होता. गावोगावच्या मंडळ्या येऊन रात्र जागवत, गात आणि जातपातीवर वादही घालत. आपले लोक तिथे बोटावर मोजण्याइतके. पवारांबरोबर आपण अठराव्या शतकात इथे आलो, पोरं घरात माळवी समजतात, पण गाण्यातला माळवी माणूस आपल्याला परकाच.

काम आहे ते असं. कॅसेटचं आयुष्य संपत आलंय. फीत चिकटते, बुरशी धरते, आणि दिवाळीच्या साफसफाईत पिशवीभर कॅसेटी भंगारवाल्याला जातात. मोठ्या गायकांचं कुठेतरी सापडेल, लहान मंडळ्यांनी पदरचे पैसे घालून काढलेली एकुलती एक कॅसेट सापडणार नाही. कोणाच्या माळ्यावर माळवी भजनांची असेल तर टाकू नका, वरचा कागदही फेकू नका, गायकांची नावं त्यावरच असतात. टोंकखुर्दला माझ्याकडे पाठवा. टू-इन-वन चालू आहे, त्याचा पट्टा मागच्याच वर्षी इंदूरहून बदलून आणलाय, आणि कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला नातू तयार आहे. फक्त परीक्षा संपेपर्यंत थांबा म्हणतो.