आईचं विसरणं आणि ‘डी’चं पाकीट

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. ‘ताई, ते आठवड्याचं पाकीट द्या, आईला हल्ली काही लक्षात राहत नाही,’ असं म्हणत लेकी-सुना व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पावडर मागतात. चिठ्ठी जुनी, घड्यांवर फाटलेली असते. कधी तर शेजारणीच्या नावाची. डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांसाठी लिहिलेली पावडर वर्षभर चालू राहते.

त्यांची काळजी रास्त आहे. वयस्कर बायकांमध्ये डी कमी असणं आपल्याकडे सर्रास आढळतं आणि हाडांसाठी ते हवंच. रक्तात डी फार कमी असलेल्या वृद्धांमध्ये डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण जास्त असल्याचं २०१४ मध्ये एका अमेरिकी पाहणीत दिसलं होतं. पण तब्येत ढासळलेली बाई उन्हात जात नाही, त्यामुळेही तिचं डी घटतं. म्हणून खरा निकाल गोळ्या देऊन केलेल्या चाचण्यांचा. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासातल्या अशा एका चाचणीत ६५ वर्षांपुढच्या चार हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना कॅल्शियमसोबत रोज ४०० युनिट डी दिलं, तरी सात वर्षांनंतरही डिमेन्शियात फरक पडला नाही. ‘डोस कमी होता’ म्हणावं, तर हार्वर्डच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० युनिट देऊनही वयानुसार होणारी बुद्धीची घसरण मंदावली नाही.

मोजमाप न ठेवता घेतलेल्या डीने रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. मग तहान, बद्धकोष्ठता, मळमळ आणि भ्रमिष्टपणा. ज्या त्रासासाठी पाकीट आणलं, तोच त्यातून वाढू शकतो.

त्याहून मोठं नुकसान म्हणजे वाया गेलेले महिने. बी-१२ची कमतरता, मंदावलेलं थायरॉईड, रोजची झोपेची गोळी यांनीही विसरायला होतं आणि यावर उपाय आहेत. डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितल्या. त्यात बहिरेपणा, अधू नजर, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आहे. डीची कमतरता नाही. आपल्याकडे मात्र आईला ऐकू येत नाही हे ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, जुन्या चिठ्ठीवर हे पाकीट देऊ नका. आणि लेकी-सुनांनो, मुलांनो, आई विसरू लागली असेल तर तिला आधी डॉक्टरांकडे न्या. सोबत तिच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या आणि तिचे कान तपासून घ्या.