साहेब, डिकी उघडा

सर्व्हेयरने बॉनेटकडे जेमतेम पाच मिनिटं पाहिलं असेल. फुटलेला बंपर, आत गेलेला रेडिएटर, लोंबणारा हेडलाइट, सगळ्याचे फोटो काढून झाले. मग तो गाडीच्या मागे गेला आणि शांतपणे म्हणाला, ‘साहेब, जरा डिकी उघडा.’

डिकीत सीएनजीचा सिलिंडर होता. माझ्या पॉलिसीत तो नव्हता.

मी मुलुंडला राहतो, ऑफिस अंधेरी पूर्वेला. रोजचा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि पेट्रोलचा भाव यांचं गणित जमेना, म्हणून सेकंडहँड वॅगन आरला भांडुपच्या एका गॅरेजमध्ये ५५,००० रुपयांचं किट बसवून घेतलं. गॅरेजवाला म्हणाला, ‘आरसीवर चढवायचं तर एजंटचे पैसे वेगळे आणि वडाळ्याच्या चकरा वेगळ्या. बरेच जण तसंच चालवतात.’ मीही तसंच चालवायचं ठरवलं. पुढे पॉलिसी रिन्यू करताना फोनवर प्रश्न आला: गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं आहे का? ‘नाही’ आधीच निवडलेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. दोन वर्षं.

मग एका पावसाळी रविवारी घाटकोपरहून घरी येताना विक्रोळीजवळ टेम्पोच्या मागे आदळलो. कुणालाही खरचटलं नाही. गॅरेजचं बिल झालं १,१२,००० रुपये. क्लेम मिळाला शून्य. बाबांनी एफडी मोडली. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, कागदपत्रांच्या बाबतीत फार काटेकोर. किट बसवलं त्या दिवशी त्यांनी एकच विचारलं होतं, ‘कागद पूर्ण आहेत ना रे?’ मी ‘हो’ म्हणालो होतो.

म्हणजे मी दोन ठिकाणी खोटं बोललो. हे आधी कबूल करतो, कारण या विषयावरचं आपलं सगळं बोलणं ‘विमा कंपन्या चोर असतात’ इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं.

आपल्या वयाच्या गाडीवाल्यांचा एक लाडका प्रश्न आहे: ‘कंपनीला कसं कळणार?’ कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मोठे अलॉय आणले, कसं कळणार? ईसीयू रिमॅप केला, सायलेन्सर बदलला, कसं कळणार? उत्तर सोपं आहे. कंपनीला कळेल ते नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी तुम्हाला तिच्याकडून पैसे हवे असतील. त्याआधी कळून घेण्याची तिला गरजच नाही. लपवण्यात आपण कंपनीला फसवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण तिला एक कोरा चेक लिहून देतो: माझा प्रीमियम घे, आणि पैसे द्यायची वेळ आली की नकार द्यायचं कारण माझ्याच डिकीत ठेवलंय.

वाचवले किती, तेही पाहा. जुन्या मोटर टॅरिफच्या हिशोबाने बाहेरून बसवलेल्या गॅस किटसाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम, आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये. ५५,००० वर २,२००, अधिक ६०, वर १८ टक्के जीएसटी. वर्षाला २,६६७ रुपये. एवढ्यासाठी मी १,१२,००० गमावले. याला चलाखी म्हणत नाहीत.

आणि कंपनीने हा प्रश्न विचारू नये तरी का? सीएनजी भरला जातो २०० बार दाबाने. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळपास नव्वदपट. सिलिंडरचं वजन मागच्या चाकांवर येतं, सस्पेन्शन आणि ब्रेक बसतात ते मूळ गाडीच्या वजनाच्या हिशोबाने. म्हणून किट त्या मॉडेलसाठी मंजूर असावं लागतं, आरसीवर नोंद लागते, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट लागते. माझ्या सिलिंडरसोबत आलेले कागद कुठे होते, हे मला क्लेमच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्या गाडीत आई-बाबा मागच्या सीटवर बसायचे. सिलिंडर त्यांच्या पाठीमागे.

कायदा तर आपण वाचतच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असा रचनेतला बदल परवानगीशिवाय करता येत नाही. वेगळ्या इंधनाच्या किटला त्यात वाट ठेवली आहे, पण अटींसह. ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्या केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

दंडापेक्षा मला रात्री जागवते ती दुसरीच गोष्ट. त्या टेम्पोच्या जागी कुणी बाइकवाला असता तर? अपघातात दुसऱ्याचा जीव गेला तर भरपाई किती, हे न्यायाधिकरण ठरवतं; त्याच्या वयावर, कमाईवर. रक्कम सहज लाखांत जाते. महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली असेल, तर ती पॉलिसीच रद्दबातल आहे असा बचाव कलम १५० मध्ये कंपनीला मिळतो. न्यायालयं जखमीला सहसा वाऱ्यावर सोडत नाहीत. ‘आधी कंपनीने द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असे आदेश अनेकदा होतात. मालक म्हणजे मी. एफडी एकच होती, आणि ती बाबांची होती.

आता कंपन्यांकडे वळतो, कारण माझ्या खोटेपणाने त्यांचा हात स्वच्छ होत नाही.

पॉलिसी एक दिवस जरी लॅप्स झाली, की या कंपन्या गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ मागतात. म्हणजे तपासणी त्यांना जमते. फोनवर, दहा मिनिटांत जमते. पण वेळेवर पैसे भरणाऱ्याला कुणी डिकी उघडायला सांगत नाही. तिथे एक प्रश्न आणि आधीच निवडलेलं ‘नाही’. मी सॉफ्टवेअर लिहितो. कुठलं बटण आधीच निवडून ठेवायचं, हा निर्णय कुणीतरी मीटिंगमध्ये बसून घेतलेला असतो, हे मला चांगलं माहीत आहे. ज्या उत्तरावर लाखाचा क्लेम उभा राहतो किंवा पडतो, ते उत्तर कंपनीने माझ्या वतीने आधीच भरून ठेवावं, याला प्रश्न विचारणं म्हणत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. डिकी रिन्यूअलच्या वेळी उघडा, क्लेमच्या वेळी नको. दरवर्षी दोन फोटो मागा, इंजिनचा आणि डिकीचा. ‘हो’ किंवा ‘नाही’ मला स्वतःला निवडू द्या, आणि त्याखाली मराठीत एक ओळ लिहा: हे उत्तर चुकलं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. एवढं करूनही मी खोटं बोललो, तर खुशाल नाकारा.

‘सांगितलं की प्रीमियम वाढतो’ हेही पूर्ण खरं नाही. त्याच जुन्या टॅरिफमध्ये दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट होती. पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये. सांगितल्यावर पैसे कमी होतात असेही बदल आहेत. पण सांगायची सवयच नसेल, तर हे कळणार कधी?

क्लेम नाकारल्यावर मीही धावपळ केली. २०१० चा अमलेंदू साहू निकाल शोधून काढला. त्यात खासगी गाडी भाड्याने दिली होती, तरी पूर्ण नकार न देता ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने काही रक्कम द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. कंपनीचं उत्तर आलं: ती गाडीच्या वापराची बाब होती, तुम्ही पॉलिसी घेतानाच चुकीची माहिती दिली. पुढे सांताक्रूझला विमा लोकपालाचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. मी गेलो नाही. सांगायला माझ्याकडे काय होतं? एक ‘नाही’, आणि तोही माझाच.

म्हणून तुम्हाला सांगतो. काहीही बदलायच्या आधी विचारा, हे आरसीवर चढतं का. रंग आणि इंधन चढवावंच लागतं. जे चढू शकत नाही, ते बसवू नका. जे चढवायची गरज नाही, अलॉय किंवा म्युझिक सिस्टिम, ते किमतीसकट कंपनीला ईमेलने कळवा. फोनवर नको, एजंटला तोंडी नको. पॉलिसीत एंडॉर्समेंट आल्याशिवाय सांगितलं असं समजू नका.

माझी आरसी आता दुरुस्त झाली. वडाळ्याच्या तीन चकरा, दोन हाफ डे. किट मंजूर प्रकारचं निघालं, हे माझं नशीब. सिलिंडरची टेस्ट करून घेतली. नव्या पॉलिसीत किटची वेगळी ओळ आहे, किमतीसकट.

तिची प्रिंट काढून बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि कागद फाइलमध्ये ठेवला. एफडीचं कुणी काही बोललं नाही.